टोकन आधी कारशेडमध्ये

डोंबिवलीहून रोज ठाण्याला जाणाऱ्याला मधली स्टेशनं झोपेतही सांगता येतात. मला त्यांच्या जोडीला आणखी सात पाठ आहेत : रॉप्स्टन, रिंकबी, कोवान, गोर्ली, सेपोलिया, होलेस्की आणि हूडी. ही इथेरियम या ब्लॉकचेनच्या टेस्टनेटची, म्हणजे चाचणी-नेटवर्कची, नावं. टोकन खऱ्या जगात सोडण्याआधी त्याची तालीम अशा टेस्टनेटवर होते. आणि ही सगळी नावं मेट्रो स्टेशनांवरून घेतलेली आहेत! रॉप्स्टन, रिंकबी स्टॉकहोमची, कोवान सिंगापूरचं, सेपोलिया अथेन्सचं, गोर्ली बर्लिनमधल्या आणि होलेस्की प्रागमधल्या स्टेशनवरून. २०२५ मध्ये आलेलं हूडी तर आपल्या बंगळुरूतलं, व्हाइटफील्डच्या वाटेवरचं. हे कळलं त्या दिवशी माझा या विषयाशी असलेला परकेपणा संपला.

पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या टेस्टनेटचं नाव मात्र सरळ 'मुंबई' होतं. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये 'मॅटिक' या नावाने सुरू केलेला हा प्रकल्प. गडचिरोलीतल्या एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले याच पॉलिगॉनवर नोंदवले गेले.

पूर्वपीठिका थोडक्यात : इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं. त्याच नोव्हेंबरात फॅबियन फोगेलस्टेलर आणि व्हिटालिक ब्युटेरिन यांनी टोकनचा 'ईआरसी-२०' हा नमुना मांडला. आता शीर्षकातल्या कारशेडकडे.

कळव्याच्या कारशेडमध्ये गाडी तपासून मगच रुळावर येते, तसंच टेस्टनेटचं. नियम खऱ्या नेटवर्कचेच, पण नाण्यांना किंमत नाही. ती 'फॉसेट' नावाच्या नळावरून फुकट मिळतात. २०२२ मध्ये फडके रोडवरच्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या गटासाठी मी 'मुंबई'वर एक टोकन बनवलं. जो चहा पाजेल त्याला एक टोकन. ब्राउझरमध्ये रीमिक्स हे कोड लिहायचं साधन उघडलं, सॉलिडिटी भाषेत ओपनझेपेलिनचा तयार, तपासलेला पाया घेतला आणि त्यावर नाव, चिन्ह आणि एकूण संख्या लिहिली. जेमतेम दहा ओळी. कंपाइल केलं, मेटामास्क या वॉलेटमधून सही केली, आणि करार, म्हणजे टोकनचा हा कोड, ब्लॉकचेनच्या साखळीवर बसला.

वॉलेटमध्ये शिल्लक दिसली ०.००००००००००००००१! मी १००० लिहिले होते. पण ईआरसी-२० मध्ये साधारणपणे दशांशाची १८ घरं धरतात, रुपयाचे पैसे पाडावेत तशी. हजार टोकन हवे असतील तर हजारापुढे आणखी अठरा शून्यं लिहावी लागतात. असा साधा करार एकदा बसला की त्यात खाडाखोड नाही. नवा करार, नवा पत्ता. तो पत्ताही पाठवणाऱ्याचा पत्ता आणि त्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक यांतूनच निघतो, म्हणजे करार बसण्याआधीच तो काढता येतो. मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. खऱ्या नेटवर्कवर माझी चूक गॅसच्या, म्हणजे व्यवहाराच्या शुल्काच्या, रूपाने खिसा कापून गेली असती. तिथे नुसता साधा हस्तांतर व्यवहारही २१,००० गॅस खातो.

करारात आत असतं काय? सहा कामं : एकूण किती, कोणाकडे किती, द्या, दुसऱ्याला काढायची परवानगी द्या, परवानगी किती उरली ते सांगा, आणि परवानगीने दुसऱ्याच्या खात्यातून काढा. आमच्या जुन्या भिशीच्या वहीतही याहून फारसं काही नसे. फरक एवढाच की ही वही सगळ्यांना उघडी असते.

म्हणूनच 'आमचं नाणं दसपट होणार' हे ऐकलं की मला राग येतो. नाणं बनवायला अर्धा तास पुरतो. त्यामागे कोण उभं आहे, ते पाहायला हवं. जून २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी 'मनी ट्रेड कॉइन' या आभासी नाण्याच्या प्रकरणी कारवाई केली, ती त्यात पैसे गुंतवलेल्यांच्या तक्रारीवरून.

'मुंबई' टेस्टनेट एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, त्याची जागा 'अमॉय'ने घेतली, आणि आमचं चहाचं टोकनही गेलं. त्याची हळहळ आहे. तुमच्यापुढे कोणी नवं नाणं ठेवलं, तर आधी त्याच्या कराराचा पत्ता मागा, एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, कोड उघडा आणि 'मिंट' शब्द शोधा. मालकाला मनाला येईल तेव्हा नवी टोकनं छापता येत असतील, किंवा कोडच दाखवलेला नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.