केंद्र संमेलन

ठराविक क्षेत्रातील प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांच्या शिक्षकांनी नियतकालाने एकत्र येऊन अध्यापनातील अनुभव, पाठांच्या कल्पना व शैक्षणिक साहित्य यांची देवाणघेवाण करण्यासाठी भरविलेली सभा. महाराष्ट्रात अशा सभेस पूर्वी गटसंमेलन म्हणत. १९९४ मध्ये केंद्रशाळांची योजना आल्यानंतर केंद्र संमेलन हे नाव रूढ झाले व अलीकडे शिक्षण परिषद ही संज्ञाही वापरली जाते. विद्यार्थिसंख्या घटलेल्या लहान शाळा एकत्र करण्याची समूह शाळा ही कल्पना याहून सर्वस्वी निराळी आहे. केंद्र संमेलनात शाळा जागच्या जागी राहतात, एकत्र येतात ते शिक्षक.

या सभेची गरज उच्च प्राथमिक स्तरावर विशेष तीव्र असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने इयत्ता सहावी ते आठवी हा स्तर ठरविला. त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. खेड्यातील शाळेत ही अपेक्षा पूर्ण झाली, तरी गणिताचा शिक्षक त्या शाळेत एकटाच असतो. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या बाजारगावी निदान परिसरातील शिक्षक येत-जात भेटतात. आडरस्त्यावरील गावात तेही घडत नाही. ऋण संख्यांचा गुणाकार मुलांच्या गळी कसा उतरवावा, हा प्रश्न पडल्यास विचारावे असे दुसरे माणूस शाळेत नसते. शिक्षकाचे हे एकटेपण अध्यापनाच्या गुणवत्तेस घातक ठरते; कारण स्वतःच्या चुका त्याला वर्षानुवर्षे दिसतच नाहीत.

शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहावे, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. १८६१ मध्ये निघालेले ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक शिक्षकांपुढे नवे विषय मांडीत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर व पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. पुढील काळात ‘जीवन शिक्षण’ या मासिकाने प्राथमिक शिक्षकांच्या लेखनास जागा दिली. मराठवाड्याची स्थिती मात्र वेगळी होती. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे मराठी पाठ्यसाहित्याची व शिक्षकांच्या परस्परसंपर्काची परंपरा येथे उशिरा रुजली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्यावर मराठवाड्यास उर्वरित राज्यासारखीच व्यवस्था लाभली.

शाळांचे गट करण्याच्या कल्पनेला सैद्धांतिक बैठक कोठारी आयोगाने (१९६४–६६) दिली. दौलतसिंग कोठारी हे आयोगाचे अध्यक्ष होते व मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळा गुंफून शाळा संकुल उभारावे आणि तेथील शिक्षकांनी साधने व अनुभव यांचा वाटा एकमेकांना द्यावा, असे आयोगाने सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या सूचनेचा पुनरुच्चार केला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ४,८६० केंद्रे निर्माण करून प्रत्येकास केंद्रप्रमुख नेमण्याची योजना आखली. एका केंद्रात साधारणपणे दहा ते पंधरा शाळा येतात. त्याच सुमारास सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात पहिल्या टप्प्यास महाराष्ट्रातील जे पाच जिल्हे निवडले गेले, ते सर्व मराठवाड्यातील होते : औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी. (हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता, तो १९९९ मध्ये वेगळा झाला.) या कार्यक्रमातून गट साधन केंद्रे व समूह साधन केंद्रे उभी राहिली आणि शैक्षणिक साहित्य तयार करण्यासाठी प्रत्येक शिक्षकास वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम अल्प होती, परंतु स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येणारी ती होती, हे तिचे खरे महत्त्व.

संमेलनाचा गाभा नमुना पाठ हा होय. यजमान शाळेतील अथवा बाहेरचा एखादा शिक्षक त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांना पाठ देतो, इतर शिक्षक मागे बसून निरीक्षण करतात व नंतर चर्चा होते. जपानमध्ये अशाच स्वरूपाची पाठ-अभ्यासाची पद्धती आहे. तेथे पाठाची आखणीही अनेक शिक्षक मिळून करतात. त्यामुळे चर्चेचा रोख पाठ देणाऱ्या व्यक्तीवर न राहता पाठावर राहतो. आपल्याकडे हा भेद नीट पाळला जात नाही. पाठानंतर पुष्कळदा अभिनंदनाची भाषणे होतात व चर्चा तेथेच आटोपते.

चर्चा फलदायी व्हावी यासाठी मुलांच्या वह्या पुढे ठेवणे हा उत्तम मार्ग होय. उदा., ०.४५ व ०.६ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले असता अनेक विद्यार्थी ०.४५ असे उत्तर देतात. कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे आहेत. ही चूक निष्काळजीपणाची नसून पूर्ण संख्यांचा नियम दशांश अपूर्णांकांना लावल्याने होणारी आहे. यावर एखादा शिक्षक रुपये-पैशांचा उपाय सुचवितो : ४५ पैसे व ६० पैसे. मुलांना तो लगेच पटतो. परंतु पैसा दोन दशांश स्थळांपाशी संपतो, तेव्हा ०.४५ व ०.४०८ यांची तुलना करताना हा आधार सुटतो. तेथे मीटरची फीत अधिक उपयोगी पडते : ४५० मिलिमीटर व ४०८ मिलिमीटर. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्य आहेत. एकाची मर्यादा कोठे सुरू होते, हे दुसऱ्या शिक्षकाने दाखविल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. संमेलनाची सार्थकता अशा वेळी दिसून येते.

साहित्याच्या बाबतीत परिसराचा उपयोग महत्त्वाचा. परभणी परिसरातील काळी जमीन व नदीकाठची वाळू सारख्या मापाने दोन सच्छिद्र डब्यांत घेऊन त्यांत सारखेच पाणी ओतले, तर वाळूतून ते चटकन निथळते व काळ्या मातीत बराच वेळ धरून राहते. शेतकऱ्यांच्या मुलांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. तिची मोजणी मात्र शाळेतच घडते. आठवडी बाजारातील भाव नफा-तोट्याच्या उदाहरणांना पुस्तकापेक्षा ताजी सामग्री पुरवितात.

या संदर्भात मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा (१९७२–२००२) उल्लेख आवश्यक आहे. सोळा शाळांतून सुरू झालेला हा उपक्रम नेमका सहावी ते आठवीसाठी होता. प्रयोग करताना आलेल्या अडचणी शिक्षक मासिक गोष्ठींत मांडीत आणि त्यांच्या अनुभवांवरून पाठ्यपुस्तकातील प्रकरणे बदलली जात. आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून अरविंद गुप्ता यांनी बनविलेले भौमितिक आकार याच वातावरणातून आले. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेत काम करताना त्यांनी अशा खेळण्यांचा प्रसार महाराष्ट्रात केला. शिक्षकाच्या अभिप्रायाने पुस्तक बदलते, ही खात्री होशंगाबादच्या शिक्षकांना होती. आपल्या केंद्र संमेलनांत ती क्वचितच आढळते.

महाराष्ट्रात २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. या भेटींतून जमिनीवर रंगविलेल्या आकृत्या सर्वत्र पसरल्या. त्यांमागील विचार तितक्या प्रमाणात पसरला, असे म्हणता येत नाही. पाहून आलेली वस्तू उचलणे सोपे असते. ती का केली, हे जाणण्यास सहवास लागतो. व्हॉट्सॲपवरील शिक्षकगटांनाही हेच लागू पडते : तेथे तयार प्रश्नपत्रिका व चित्रफिती विपुल मिळतात, पण फसलेला पाठ कोणी पाठवीत नाही.

केंद्र संमेलनांच्या मार्गातील अडचणी बहुतांशी प्रशासकीय आहेत. केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली व एकेका व्यक्तीकडे अनेक केंद्रांचा कार्यभार आला. सभेचा वेळ माहितीचे तक्ते, शिष्यवृत्तीच्या याद्या व परिपत्रकांचे वाचन यांत जातो. साहित्याच्या उसनवारीची अडचण याहून क्षुल्लक दिसते, परंतु तिचा परिणाम मोठा आहे. शाळेची विज्ञान पेटी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली असते. ती शेजारच्या शाळेला दिल्यास व परीक्षानळी फुटल्यास जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. म्हणून पेटी कपाटात बंद राहते. केंद्रशाळेत उसनवारीची वेगळी वही ठेवणे आणि फुटतूट गृहीत धरून ती निर्लेखित करण्याचा अधिकार केंद्राच्या पातळीवर देणे, एवढ्याने ही अडचण पुष्कळशी दूर होऊ शकते.