अंगावरचं की वरचं?

बाळंतिणीला भेटायला आलेली बाई आधी पाळण्यात डोकावते, बाळ कुणाच्या वळणावर गेलंय ते ठरवून टाकते आणि मग आवाज खाली आणून विचारते, "अंगावर पाजतेस ना?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, "वरचं नाही ना सुरू केलंस?" बाळाच्या दुधाचे मराठीत हे दोनच कप्पे. आईच्या अंगाला लागून प्यायलं ते अंगावरचं. गाईचं, म्हशीचं, डब्यातलं ते सगळं वरचं. माझ्या भाचीने गेल्या वर्षी या भाषेचीच पंचाईत केली. रजा संपवून ती लांज्याला बँकेत रुजू झाली, आणि रत्नागिरीत नाचणे भागातल्या घरी फ्रिजमध्ये तिच्या दुधाच्या चार काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे आता वरचं देता?" ताई, म्हणजे बाळाची आजी, गोंधळली. दूध आईचंच, पण वाटीतून. अंगावरचं, पण अंगावर नाही.

हे तिसरं दूध आता घरोघरी दिसू लागलंय, पण ते काढायचं कसं, ठेवायचं कसं, द्यायचं कसं हे सांगणारं माणूस घरात नसतं. आजीला अंगावर पाजणं ठाऊक आहे, दुकानदाराला पंपाची किंमत ठाऊक आहे. मधलं सगळं भाची चुकतमाकत शिकली, आणि तिच्या मागे मागे मीही.

पहिल्या दिवशी पंप लावला तेव्हा वीस मिनिटांत बाटलीचा तळ कसाबसा ओला झाला. पोरगी रडवेली. "मावशी, मला दूधच नाहीये." मला आजोळची गाय आठवली. आजीचा हात लागला की भरभरून दूध देणारी ती गाय मामीचा हात लागला की पान्हा चोरायची. मग वासरू सोडायचं, त्याने दोन ढुशा दिल्या की गाय पान्हवायची आणि मामीची चरवी भरायची. दूध आधीही होतंच, सुटत नव्हतं.

बाईचंही तसंच आहे. स्तनात दूध टाकीसारखं साठलेलं नसतं, की नळ सोडला आणि आलं. ते आत बारीक बारीक पिशव्यांमध्ये असतं. बाळ ओढू लागलं, नुसतं रडलं, किंवा त्याची आठवण जरी आली, तरी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्या पिशव्या आकसतात आणि दूध पुढे ढकललं जातं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. भीती, घाई, वेदना, दाराबाहेर कुणी उभं असल्याची जाणीव यांनी तो अडतो. पंपाला फक्त ओढता येतं. म्हणून आधी पान्हा, मग पंप. भाची बाळाचं न धुतलेलं झबलं पर्समध्ये ठेवू लागली. पंप लावण्याआधी दोन मिनिटं ऊबदार ओलं फडकं, हलक्या हाताने चोळणं, फोनवर बाळाचा व्हिडिओ. आधी भरभर हलके ओढे, पान्हा सुटला की सावकाश खोल ओढे. बाळही असंच पितं, आणि विजेच्या बऱ्याच पंपांत या दोन चाली दिलेल्या असतात. ओढ जास्तीत जास्त ठेवली की दूध जास्त येतं, हा गैरसमज. दुखलं की पान्हा पुन्हा आत. पंपाच्या तोंडाशी बसणाऱ्या फनेलचं माप चुकलं तरी तेच होतं. बोंड आत मोकळं हलायला हवं, आजूबाजूचं अंग त्याच्याबरोबर ओढलं जाता कामा नये.

यंत्राची गोष्ट आली म्हणून सांगते. एडवर्ड लास्कर हा अमेरिकेतला नावाजलेला बुद्धिबळपटू, पेशाने इंजिनियर. १९२०च्या दशकात त्याने असा एक यांत्रिक पंप तयार केला होता. पुढे १९५०च्या दशकात आयनार एगनेल या स्वीडिश इंजिनियरने किती ओढ बाईला सोसते याचा नीट अभ्यास करून रुग्णालयांसाठी सौम्य पंप बनवला. त्याआधीच्या यंत्रांवर गोठ्यातल्या दूध काढण्याच्या यंत्रांची छाप होती. बाईला काय वाटतं हा प्रश्न बराच उशिरा विचारला गेला, याचं कोणत्याही बाईला नवल वाटणार नाही.

किती दूध तयार व्हायचं हा हिशेब वेगळा. कोकणातल्या माणसाला तो विहिरीवरून चटकन कळतो: उपसा असला की झरे वाहते राहतात. दूध निघालं की नवं तयार होतं. साचून राहिलं तर ते साचणंच शरीराला सांगतं, आता बेताने घे. म्हणून पाजणं आणि पंप यांची सांगड घालताना एक नियम कामी येतो: बाळाचं एक पाजणं चुकलं की त्या वेळेला एकदा दूध काढायचं. आणि घरी असताना बाळालाच घ्यायचं, कारण जे काम बाळाचं तोंड करतं ते सहसा यंत्राला जमत नाही. पंपातून कमी आलं म्हणजे दूध कमी, असं नसतं. बाळ दिवसातून सहाएक वेळा लंगोट ओले करतंय, वजन चढतंय, मग बाटलीवरच्या रेघांकडे बघत बसू नये.

बाळ नीट पीत असेल तर पहिला महिनाभर तरी पंप खोक्यातच राहू द्यावा, असं माझं मत. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक इतका थोडा आणि घट्ट असतो की तो यंत्राच्या नळीतच चिकटून संपतो. तो हाताने वाटीत काढलेला बरा. अपवाद कमी दिवसांच्या बाळाचा. बाळ काचेच्या पेटीत आणि आई वॉर्डात असेल, तर पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागावं, आणि दिवसरात्र मिळून आठेक वेळा. तिथे थांबून चालत नाही.

भाचीने रुजू होण्याआधी तीन आठवडे सुरुवात केली. पहाटे, कारण तेव्हा दूध जास्त असतं. एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला पंप. बाळ ओढायला लागलं की पान्हा दोन्हीकडे सुटतो, त्याचा फायदा. रुजू झाली तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं. कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, २०१७च्या दुरुस्तीपासून, पण तिचा महिना-दीड महिना प्रसूतीआधीच खर्ची पडला होता. म्हणजे 'सहा महिने फक्त आईचं दूध' हे पूर्ण करायला दीड महिना कमीच. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. तासाला २५ ते ३० मिलिलिटर धरलं, तर दहा तासांच्या गैरहजेरीत पावणेतीनशेच्या आसपास. एवढंच. फ्रिज भरून ठेवायची गरज नाही. रोज लागतं तेवढं आदल्या दिवशी निघालं की झालं, शिवाय एका दिवसाची शिल्लक.

शिल्लक जास्त नको असं मी म्हणते, त्याला कारण आपली वीज. इंटरनेटवर बायका फ्रीझर उघडून पाकिटांच्या थप्प्या दाखवतात, त्यांच्याकडे निसर्ग वादळ आलेलं नसतं. ३ जून २०२०नंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. बंद ठेवलेला फ्रिज वीज गेल्यावर चारेक तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोनेक दिवस. वितळू लागलेल्या दुधात बर्फाचे कण असतील तोवर ते चालतं. वादळ नसलं तरी आपलं हवामान आहेच. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचा नियम चार तास बाहेर, पण तो २५ अंशांपर्यंतचा. रत्नागिरीत वैशाखात असा पारा कुठे शोधायचा? काढल्याबरोबर थंड करावं हे बरं. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही दारात नाही, आत मागे. बर्फाच्या पाकिटांसह चांगल्या थंड पिशवीत २४ तास. माल बर्फात ठेवायचा हे मिरकरवाड्याच्या बंदराला शिकवावं लागत नाही. भाचीची पिशवीही तशीच, आणि हातखंब्यापुढे महामार्गाच्या चौपदरीकरणात एसटी अडकली तरी तिचं दूध निर्धास्त असतं. महामार्ग पूर्ण होईपर्यंत बाळ शाळेत जाईल, ते सोडा.

खरा गोंधळ झाला तो स्वयंपाकघरात. पहिल्याच दिवशी ताईने बाटली काढली, दूध पातेल्यात ओतलं आणि गॅस लावला. दूध आलं की तापवायचं, हे तिच्या हाताला सत्तर वर्षं माहीत. भाचीचा लांज्याहून फोन: "आई, उकळू नकोस!" आईच्या दुधातली रोगाशी लढणारी द्रव्यं उकळीने जातात. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. एका जागी कढत, दुसरीकडे गार असं होतं. दूध निळसर, पातळ दिसतं आणि वर सायीचा थर जमतो. ते नासलेलं नसतं, हलक्या हाताने फिरवलं की मिसळतं. बाळाच्या उष्ट्या वाटीतलं दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. हे टाकताना ताईचा जीव तुटतो, पण टाकते.

आईचं दूध मुद्दाम तापवतात ती जागा वेगळी. मुंबईच्या शीव रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे इतर मातांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवून, तपासून, कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना देतात. दुसरीचं दूध आहे म्हणून ही काळजी. आपल्याच बाळासाठी काढलेल्या दुधाला तिची गरज नाही.

पाजायला ताईने बोंडलं काढलं. चांदीचं, माझ्या आईच्या वेळचं, निमुळत्या चोचीचं. बाटलीपेक्षा ते कधीही चांगलं: उकळून स्वच्छ होतं, आणि बाळ बाटलीच्या सहज सुटणाऱ्या धारेला सोकावत नाही. धार लागली की आईच्या अंगावर कष्ट करायला ते नाखूश होतं, ही बाटलीची खरी तक्रार. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने दूधपावडर आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे, त्यामागेही आईचं दूध सुटू नये ही काळजी. भाचीने संध्याकाळी बाळ अंगावर घेतलं की ते नाखूश कधी दिसलं नाही. उलट दिवसभर चार घोट कमी घेऊन रात्री आईला जागवायचं, असा त्याने आपला हिशेब लावला. रात्रीच्या पाजण्याने दूधही टिकून राहतं.

दूध काढायला जागा, हा बँकेतला प्रश्न. कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन विश्रांती दिल्या आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. पण शाखेत माणसं सात. तिने रेकॉर्ड रूम मागून घेतली, आतून कडी बसवून घेतली. आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या बाईला रजाही नाही आणि कडीही नाही. तिच्यासाठी यंत्रापेक्षा हाताने दूध काढायला शिकवणं मोलाचं आहे, आणि ते आशा सेविका शिकवू शकतात. अंगठा आणि बोट बोंडापासून थोडं मागे, छातीकडे दाब, मग पुढे, घसरायचं नाही. साबण-पाण्याने हात धुतले की झालं, वीज नको.

एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतात. एका स्थानकात आम्हाला त्यात झाडू, बादल्या आणि मोडकी खुर्ची भेटली. नाव मोठं दिलंय खरं. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद, आणि घरच्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेली, असं हिरकणीचं सांगतात. दुसऱ्यांच्या घरी दूध पोचवलं आणि स्वतःचं बाळ उपाशी. घरी तिच्या दुधाची एक वाटी झाकून ठेवलेली असती तर बिचारीचा कडा वाचला असता.

रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एक दिवस मीटिंगमुळे दुपारचं काढणं चुकलं. दुसऱ्या दिवशी गाठ, ठणका, थोडा ताप. मालिशवाली आली: "गरम शेक देते, दाबून मोडते." आम्हीही पूर्वी हेच केलंय. पण स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२मध्ये हा सल्ला बदलला. जोराने दाबायचं नाही, 'रिकामं' करण्यासाठी जादा पंप लावायचा नाही. थंड शेक द्यायचा आणि बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं. एका दिवसात उतरलं नाही, तर डॉक्टर. जादा पंपाने दूध वाढतं आणि गाठी पुन्हा होतात. भाचीची गाठ उतरली, मालिशवाली रुसली.

खाण्याबद्दल कमी सांगते, कारण त्यावर प्रत्येक घराचं मत पक्कं असतं. आहळिवाची खीर खावी, लोह मिळतं, गोड लागते. दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून. मोरीचं मात्र जपून. किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. पण मोरी ही शार्कच, आणि मोठ्या शार्कच्या अंगात पारा साठतो. पाजणाऱ्या आईने ती टाळावी असा अमेरिकेच्या अन्न खात्याचाही सल्ला आहे. बांगडे, तारली खावी.

बाळ आता अकरा महिन्यांचं आहे, पेज-भात खातं, आणि दुपारचं काढणं भाचीने बंद केलंय. गेल्या महिन्यात भाचीच्या देवरूखच्या धाकट्या बहिणीला दिवस गेल्याचं कळलं आणि ताईने सामान बांधायला घेतलं. पाळणा गेला, झबली गेली, बोंडलं गेलं. पंपही पिशवीत भरला होता. भाचीने तो बाहेर काढला. एका बाईसाठीचा पंप दुसरीला देत नाहीत. नळ्यांत, मोटरमध्ये दूध जातं, ते उकळून निघत नाही. "अगं, एवढे पैसे घातलेस," ताई म्हणाली. "तिला नवा घेऊ," भाची म्हणाली, "आणि तोवर मी जाऊन तिला हाताने काढायला शिकवते."