लांबचा रस्ता, कमी तास

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर हे अंतर साधारण १२,४०० किलोमीटर भरतं आणि तो दोरा उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. प्रत्यक्षात विमानं इतकी सरळ क्वचितच जातात.

एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिक ओलांडून जात असे. तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीनं दिशाच उलटी केली आणि बोइंग ७७७-२०० एलआर विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून धाडलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास कमी!

ही करामत जेट स्ट्रीमची. जमिनीपासून दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वेगवान वारे पाठीशी असले की विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग वाढतो. समोरून आले की तेवढाच मार खावा लागतो. म्हणून वैमानिकाला नुसत्या किलोमीटरपेक्षा त्या दिवशीचा वारा महत्त्वाचा.

घड्याळाची गंमत वेगळीच. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, त्यामुळे साडेचौदा तास उडूनही तिथल्या घड्याळात एक-दोन तासच पुढे सरकलेले असतात आणि तारीखही तीच राहते. तेव्हा तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका. उड्डाणाचा कालावधी वेगळा छापलेला असतो, तो पाहा.