बुरशीची कारागिरी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. या परिसरात उसाच्या जोडीने रब्बी हंगामात हरभराही पिकतो. कधी कधी हरभऱ्याचे टवटवीत रोप एकाएकी माना टाकते आणि पाहता पाहता वाळून जाते. शेतकरी हळहळून म्हणतो, "मर लागली!" असे रोप उपटून मूळ उभे चिरले, तर आत काळपट रेघ दिसते. मातीत दडलेल्या 'फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम' नावाच्या बुरशीची ही करणी असते. ती मुळांतून आत शिरते व पाणी वर नेणाऱ्या नलिकाच बंद करते. शेतकऱ्याची ती वैरीणच होय.

परंतु याच जातीच्या बुरशीच्या अंगी एक विलक्षण कसब आहे. ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उघडकीस आले. तेथे डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद व त्यांचे सहकारी नॅनोकणांचा अभ्यास करीत होते. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. काही थोड्या नॅनोमीटर आकाराचे कण म्हणजे नॅनोकण. पदार्थ इतका सूक्ष्म झाला, की त्याचे गुणही पालटतात. मॅग्नेटाइट हा लोखंडाचा काळा, चुंबकीय ऑक्साइड. त्याचे अतिसूक्ष्म कण बाहेरचा चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात. तो दूर नेताच त्यांचे चुंबकत्व लोपते.

बेरियम टायटनेट हा असाच एक उपयुक्त पदार्थ. विद्युतभार साठविणाऱ्या धारित्रांत तो वापरतात. रेडिओपासून मोबाइलपर्यंत अनेक उपकरणांत अशी धारित्रे असतात. हा पदार्थ तयार करण्याच्या नेहमीच्या रीतीत कच्चा माल भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवावा लागतो. त्यासाठी इंधन फार खर्ची पडते.

पुण्याच्या संशोधकांनी भट्टी पेटविलीच नाही. त्यांनी बुरशी वाढविली, स्वच्छ धुतली आणि योग्य क्षारांच्या द्रावणात ठेवली. बुरशीने आपल्या शरीरातून काही प्रथिने बाहेर सोडली. त्या प्रथिनांनी द्रावणातील क्षारांवर क्रिया केली आणि साध्या तापमानातच कण तयार झाले. लोहाच्या क्षारांपासून मॅग्नेटाइट मिळाले. बेरियम व टायटेनियम यांच्या क्षारांपासून बेरियम टायटनेट मिळाले. बेरियम टायटनेटचे हे कण दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान होते. ही दोन्ही संशोधने २००६ साली प्रसिद्ध झाली.

बुरशी स्वतः बदलली नव्हती. बदलली होती ती तिच्याकडे पाहणाऱ्यांची दृष्टी. शेतात मात्र तिच्यापासून सावध राहावेच लागते. म्हणून जाणता शेतकरी पेरणीपूर्वी हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो. गंमत अशी, की पिकाचे रक्षण करणारा हा ट्रायकोडर्मा म्हणजेही एक बुरशीच आहे!