होडी कुजते अंगणात

कोकण किनाऱ्यावर मे महिना सरत आला की होड्या वर ओढायची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि बिगरयांत्रिक होडीही त्या खवळलेल्या पाण्यात सहसा कोणी लोटत नाही. झावळ्यांचे झाप घालून होड्या शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बहुतेक होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, काही मात्र उतरत नाहीत. घरात फायबरची होडी आलेली असते आणि जुनी लाकडी माडाखाली पडून राहते, दोन पावसाळे, चार पावसाळे. मग एखाद्या वर्षी घरातले कोणी ठरवते की ही पुन्हा उभी करायची. सल्ले देणारे लगेच जमतात. त्यांतले बरेच सल्ले चांगल्या मनाने दिलेले आणि होडीला घातक असतात.

खाऱ्या पाण्याने लाकूड कुजते, हा त्यांतला सर्वांत पक्का समज. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला हवा लागते, ऊब लागते आणि लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला पुरेशी हवा मिळत नाही, शिवाय मीठ या बुरशींना मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी मात्र त्यांना हवे तेच देते. म्हणून जुन्या होडीचे बूड अनेकदा ठणठणीत निघते आणि वरच्या काठाखालचा भाग, फळीची उघडी टोके, नाळेजवळचा कोपरा, जिथे पाऊस साचतो आणि वारा खेळत नाही, तिथे टोचा लोण्यात जावा तसा जातो. अमेरिकेतले लाकडी जहाजे बांधणारे हे ओळखून होते. ते जहाजाच्या वांकांमधल्या, म्हणजे आतल्या वाकड्या फासळ्यांमधल्या, पोकळीत चक्क जाडे मीठ भरून ठेवत, म्हणजे वरून गळलेले पावसाचे पाणी आत पोहोचेपर्यंत खारे होई. अंगणातल्या होडीसाठी यातून निघणारे पहिले काम साधे आहे. तिच्यावर उंच, दोन्ही बाजूंनी वारा जाईल असे छप्पर घालायचे. ताडपत्री अंगालगत घट्ट गुंडाळली तर आत वाफ कोंडते आणि बुरशीची सोय होते.

पाण्याखालच्या लाकडाचा खरा शत्रू वेगळा आहे. जहाजे पोखरणारा तो लांबट, मऊ जीव किडा समजला जातो. प्रत्यक्षात तो कालवा-तिसऱ्यांच्या कुळातला आहे आणि डोक्याकडच्या दोन बारीक शिंपल्यांनी लाकूड किसत आत जातो. शिरतो तेव्हा तो सूक्ष्म असतो, आणि मोठा होतो लाकडाच्या आत. त्यामुळे बाहेर टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. नेदरलँड्समध्ये १७३१ साली समुद्राचे बांध धोक्यात आले ते याच जिवाने त्यांचे लाकडी आधार खाल्ल्यामुळे. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली बुडालेले 'वासा' हे युद्धनौकेचे धूड १९६१ साली जवळजवळ अखंड वर आले, कारण बाल्टिक समुद्राचे पाणी या जिवाला जगता येईल इतके खारे नाही. पाण्याबाहेर काही आठवडे कोरडे ठेवले की हा जीव मरतो. होडी दरवर्षी वर ओढण्याच्या आपल्या रिवाजाचा हा एक मोठा फायदा आहे. म्हणूनच जुनी होडी घेताना रंगावर भरवसा ठेवू नये. लाकडी हातोडीने फळी फळी वाजवत जावे. जिथे आवाज बद्द येतो तिथे थांबून टोचून पाहावे.

'सागवान आहे, त्याला काय होतंय!' हे वाक्य अर्धेच खरे आहे. टिकतो तो सागाचा गाभा, गडद रंगाचा आणि तेलकट. त्याच खोडाचा बाहेरचा फिकट थर साध्या लाकडासारखाच कुजतो. स्वस्तात मिळालेल्या सागाच्या फळीला एका कडेने हा फिकट पट्टा असला, तर दुरुस्ती त्याच कडेने पुन्हा सुरू होणार. गाभ्याचे लाकूड किती काळ टिकते याचे उदाहरण मुंबईचेच आहे. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला १९८७ ते २००१ या काळात तिची दुरुस्ती झाली आणि आज ती तिथे तरंगत्या अवस्थेत पाहता येते. कोकणातल्या होड्या नुसत्या सागाच्या नसतात. आंबा, फणस, ऐन, उंडी अशी लाकडे त्यांत मिसळलेली असतात आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते. आधी कोणता भाग कशाचा आहे हे जाणत्या मेस्त्रीकडून समजून घ्यावे आणि मगच वखारीत जावे.

यानंतरचा गैरसमज सर्वांत जास्त होड्या बिघडवतो. होडी उन्हात खडखडीत वाळवली जाते, फळ्यांमध्ये फटी पडतात, मग त्या फटींत कडक लांबी (पुट्टी) ठासून भरली जाते. दिसायला काम सुरेख होते. पण लाकूड पाणी पिऊन फुगते. फळीच्या लांबीच्या दिशेने ही वाढ नगण्य असते, रुंदीच्या दिशेने मात्र काही टक्के. वीतभर रुंदीच्या फळीत ती काही मिलिमीटर होते, आणि कुशीला अशा दहा-बारा फळ्या असतात. फुगणाऱ्या फळ्यांना जागा हवी असते. सांध्यात ठोकून बसवलेला कापूस आणि मऊ लांबी असेल तर ती दबते आणि सांधा बसतो. दगडासारखे भरण असेल तर फळ्यांच्या कडा चिरडतात, खिळे उपटतात, प्रसंगी वांक मोडतो. कापूस ठोकणाऱ्याच्या हाताला हे माहीत असते. तो सुक्या होडीत कापूस बेताने बसवतो, कारण उरलेला दाब पाणी देणार असते. दुरुस्ती चालू असताना होडी सावलीत ठेवणे आणि आतून अधूनमधून समुद्राचे पाणी शिंपडणे हे जुने शहाणपण लाकडाच्या शास्त्राला धरून आहे.

'वरून फायबरचा थर द्या, विषय संपला' हा सल्ला आता गावोगाव ऐकू येतो. फायबरच्या होडीला तो थर साजतो, कारण तिथे तोच होडीचा सांगाडा असतो. जुन्या फळ्याफळ्यांच्या होडीवर तो कवच होऊन बसतो. फळ्या ऋतूप्रमाणे हलतात, कवच हलत नाही. स्वस्त पॉलिएस्टर राळेची जुन्या, तेल प्यायलेल्या लाकडावर पकड मुळातच कमकुवत असते. एखाद्या दगडाला घासून कवचाला तडा गेला की पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट राहत नाही. लाकूड आतल्या आत कुजते आणि बाहेरून होडी नवीकोरी दिसते. एपॉक्सी जास्त चांगली चिकटते, प्लायवूडच्या किंवा आधीपासून त्याच पद्धतीने बांधलेल्या होडीला ती योग्यही आहे. पण खिळ्यांनी जोडलेल्या जुन्या होडीवर फायबर चढवणे म्हणजे बहुतेक वेळा तिची शेवटची काही वर्षे विकत घेणे, आणि ते निदान जाणून-उमजून तरी करावे.

खिळ्यांच्या बाबतीत चकाकीला लोक फसतात. पितळी स्क्रू गंजत नाही म्हणून पाण्याखाली वापरला जातो. समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि गुलाबी, ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. असा स्क्रू पिळायला जावे तर डोके हातात येते. स्टेनलेस स्टीलची तऱ्हा निराळी. त्याचे संरक्षण करणारा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो, आणि ओल्या लाकडाच्या पोटात तोच नसतो. डेकवर वर्षानुवर्षे चकचकीत राहणारा बोल्ट फळीच्या आत खड्डे पडून झिजतो. तांबे, सिलिकॉन ब्राँझ किंवा जाड जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, यांतले एक निवडावे आणि शेजारी शेजारी निराळे धातू मिसळू नयेत. ब्रिटिश नौदलाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला १७६१ साली तांब्याचे पत्रे ठोकले, ते लाकूड पोखरणाऱ्या जिवापासून वाचवण्यासाठी. पत्रे टिकले, पण त्यांना लागून असलेले लोखंडी खिळे खाल्ले गेले.

जास्त खिळे म्हणजे जास्त मजबुती, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक खिळा फळीला एक भोक पाडतो, आणि जुन्या भोकाशेजारी नवे भोक फळी चिरायला निमंत्रण देते. गोव्यात बांधलेली 'आयएनएसव्ही कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून घडवलेल्या या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. सांधा नेमका बसला असेल तर धातूवाचूनही जहाज समुद्रावर जाते.

उत्साही माणसाकडून होणारी सर्वांत महाग चूक पहिल्याच आठवड्यात होते. आधी सगळे कुजके काढून टाकू, मग नवे बसवू, असे तो ठरवतो. होडीचा आकार कुठल्याही एका लाकडात नसतो. पठाण (बुडाचा मधला कणा), वांक आणि फळ्या एकमेकांना धरून असतात तोवरच तो असतो. एकदम पाच-सहा फळ्या उतरवल्या की कुशी सैल पडतात, पठाणाची टोके खाली झुकतात, आणि मग नव्या फळ्या त्या बिघडलेल्या आकाराला बेतल्या जातात. म्हणून आधी होडीला समपातळीत, पठाणाच्या पूर्ण लांबीला टेकू द्यायचे, आतून आडव्या दांड्या मारून रुंदी कायम करायची, मापे लिहून ठेवायची. नंतर एक सोडून एक वांक, एक सोडून एक फळी. काढलेली फळी फेकायची नाही, तीच नव्या फळीचा नमुना असते.

बुडलेल्या मासेमारी नौकेचेही काही करता येते का? येते, पण तिचे मूळ लाकूड किती राहील याची खोटी आशा धरू नये. 'वेस्टर्न फ्लायर' ही अमेरिकेतल्या टॅकोमाला १९३७ साली बांधलेली नौका. १९४० साली लेखक जॉन स्टाइनबेक आणि जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स तिच्यातून कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले होते. पुढे ती दुसऱ्या नावाने मासेमारीत राबली आणि २०१२-१३ मध्ये बुडाली. वर काढल्यावर ती चिखलाने माखलेली होती. २०१५ साली तिला नवा मालक मिळाला, पोर्ट टाउनसेंडच्या मेस्त्रींनी काम हाती घेतले आणि २०२२ साली ती पुन्हा पाण्यात उतरली. बुडाकडचे बहुतेक लाकूड नवे घालावे लागले, सुकाणूघर मात्र बरेचसे मूळचेच आहे. हे व्यावसायिक कारागिरांचे, भरपूर पैशाचे काम होते, तरी त्याला वर्षे लागली. घरी काम करणाऱ्याने हिशेब मांडताना लाकडाच्या पलीकडे पाहावे. इंजिन, शाफ्ट, पंखा, सुकाणूची जोडणी, रंग यांचा खर्च लाकडाला सहज मागे टाकतो. फुकट मिळालेली होडी स्वस्त पडेल असे गृहीत धरू नये.

घरी काम करणाऱ्यांनी रंगाला विशेष भ्यावे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत, आणि सांध्यांना लावलेल्या शेंदरात, शिसे असू शकते. बुडाच्या जुन्या रंगात कथिलाचे विषारी संयुगही असू शकते. जहाजांवर त्याला जगभर बंदी आली ती २००८ साली. असा रंग कोरडा घासला की धूळ अंगणात, विहिरीच्या काठावर आणि पोरांच्या हातांवर बसते. ओला करून खरवडावा, तोंडाला धुळीचा योग्य मास्क असावा आणि खाली पसरलेले प्लास्टिक कचऱ्यासकट उचलावे.

कागदपत्रे शेवटी पाहू, हेही चुकते. मासे मारायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली परवाना लागतो. बंद पडलेली नोंदणी आणि बदलणारे इंजिन यांविषयी मत्स्यव्यवसाय कार्यालयात पहिली फळी काढण्याआधीच विचारून घ्यावे.

होडी पाण्यात गेली आणि गळू लागली की मालकाचा चेहरा उतरतो, आणि मेस्त्रीचे काम कच्चे ठरवले जाते. वर्षभर कोरडी राहिलेली होडी पहिल्या दिवशी गळतेच. तिला उथळ, शांत पाण्यात बांधून ठेवावे, पंप तयार ठेवावा, रात्री कोणी जागे असावे. फळ्या फुगू लागल्या की पाणी दर भरतीला कमी होत जाते. तीन-चार दिवसांनीही ते तितकेच येत असेल, तर कुठला सांधा गळतो त्यावर खूण करून होडी पुन्हा वर घ्यावी आणि तेवढाच कापूस बदलावा.