मुंबईला जाल तेव्हा काय पाहाल?

मंडळी, आपल्या गावातून पुष्कळ जण मुंबईला जातात. कुणी लग्नाला, कुणी दवाखान्याला, कुणी लेकाकडे. चार दिवस खोलीत बसतात नि परत येतात. काय पाहिलं म्हणून विचारावं, तर म्हणतात, "गर्दी!"

गर्दीखेरीजही मुंबई आहे. ती पाहायला फार पैसा लागत नाही.

भायखळा स्टेशनजवळ राणीची बाग आहे. ती १८६२ साली लोकांसाठी उघडली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तिथे वाघ आहेत, पेंग्विनही आहेत. पेंग्विन हा पक्षी खरा, पण तो उडत नाही, पोहतो! शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटावरून आणलेला आहे.

ते बेटही पाहावे. गेटवे ऑफ इंडियापासून लाँच सुटते. सुमारे तासाभरात बेट येते. तिथल्या लेण्यात शंकराची तीन मुखांची मूर्ती आहे. ती सुमारे २० फूट उंच आहे. गेटवेची कमानही नीट पाहा. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण हिच्याच खालून गेली.

खेळाची आवड असेल तर दादरला शिवाजी पार्कवर जा. सचिन तेंडुलकर लहानपणी इथेच क्रिकेट शिकला. मैदानाकडेला उभे राहून खेळ पाहायला पैसा पडत नाही. नाटक पाहायचे तर दादरलाच शिवाजी मंदिर नाट्यगृह आहे.

आता माझी फजिती ऐका. एकदा नातवाला घेऊन मी राणीच्या बागेत गेलो. दार बंद. वाटले, उघडेल थोड्या वेळाने. तासभर उन्हात उभे राहिलो. शेवटी दुसरीतला नातू म्हणाला, "आजोबा, पाटीवर लिहिलंय की, बुधवारी बंद!" जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि मीच पाटी वाचली नाही!

म्हणून निघण्याआधी वार पाहा. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बेटावर उतरताच परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ वाचा. तिकिटावरचा दर वाचा, मगच पैसे द्या.

अक्षर येत नव्हते तेव्हा दुसऱ्याच्या मागे जावे लागे. आता तुम्ही वाचता. पाटी वाचा, आणि घरच्यांना घेऊन तुम्हीच पुढे चला.