फेसाचे घरटे

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणे केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर माशांची वीण पाहत बसावे, याचे आमच्या घरच्या मंडळींना हसू येते. बडोद्यातील आमच्या दिवाणखान्यात काचेची एक टाकी आहे व तीत गोरामीची एक जोडी होती. नर जेमतेम तीन इंचांचा. अंगावर तांबडे व निळे तिरपे पट्टे. मादी फिकट रुपेरी.

हा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील. त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले ते फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी, १८२२ साली, गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात. हे गृहस्थ पेशाने ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य होते. वैद्यकी सांभाळून मासे न्याहाळणारा मी काही पहिला नव्हे, एवढे समाधान मला त्यातून लाभते!

संथ, गवताळ पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशाच्या कल्ल्यांच्या वर पातळ, घडीदार हाडांचा व रक्तवाहिन्यांनी भरलेल्या आवरणाचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. पृष्ठभागावर येऊन मासा हवेचा घोट घेतो व तेथे ती रक्तात शोषली जाते. घरटे बांधण्याची कलाही या हवेच्या घोटावरच उभी आहे. नर हवा तोंडात घेतो, तिला लाळेसारख्या चिकट स्रावाचे अस्तर देतो आणि तो बुडबुडा तरंगत्या पानाखाली सोडतो. असे शेकडो बुडबुडे. त्यांत वनस्पतींचे तुकडे तोडून गुंफतो, त्यामुळे तराफा चांगला घट्ट होतो. पहिल्या खेपेस मी स्वच्छतेच्या सवयीने फिल्टर चालू ठेवला होता. प्रवाहाने रात्रीत सारे घरटे विखुरले. त्याने सकाळी पुन्हा आरंभ केला. मी मुकाट्याने फिल्टर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मादी घरट्याखाली आली. नराने तिच्याभोवती आपल्या देहाचा विळखा घातला व अंडी सुटली. त्यांत तेलाचा अंश असल्याने ती आपोआप वर जातात. चुकलेली अंडी नर तोंडात धरून फेसात नेऊन ठेवतो. हा क्रम कितीतरी वेळ चालला होता. मी भिंग घेऊन अंडी मोजत बसलो. तीनशेपर्यंत मोजली आणि हिशेब सुटला.

वीण आटोपली की नर घरट्याजवळ कोणालाही फिरकू देत नाही, मादीलाही नाही. तिला तत्काळ हलवावे, हे मी वाचले होते. त्यासाठी दुसरी टाकी भरूनही ठेवली होती. संध्याकाळी चहा घेऊन सौ. आल्या, क्षणभर टाकीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण ती कुठे आहे?"

ती हीटरच्या मागे होती. पर फाटलेले, खवले निघालेले. जाळीने उचलून दुसऱ्या टाकीत सोडली, पहाटे गेली. प्रसूतीनंतर सर्वांचे लक्ष बाळाकडे जाते, तेव्हा एकाने तरी आईकडे पाहत राहावे, हे मी कितीतरी तरुण डॉक्टरांना सांगितले आहे.

अट्ठावीस अंश उष्णतेत दीड दिवसात अंडी फुटली. पिल्ले फेसाला लोंबकळत राहिली, निसटणाऱ्यांना बाप तोंडाने परत आणी. तिसऱ्या दिवशी ती स्वतंत्र पोहू लागली, तेव्हा बापालाही काढले, कारण पुढे तोच त्यांना खातो. पिल्लांचा लॅबिरिंथ तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर वरची हवा उबदार राहावी म्हणून झाकण घट्ट ठेवले. त्यांतली एकवीस जगली.

आता जोडी नवी आहे. कालपासून नर पानाखाली घुटमळतो आहे. दुसरी टाकी भरली आहे, जाळी तिच्या काठावर टांगली आहे, आणि भिंग मी कपाटात ठेवले आहे.